अंगावर काढलेले दुखणे वहीत येत नाही

'दुखणे अंगावर काढणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे घराघरांत ऐकू येतो. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, असे आपण सहज म्हणतो आणि त्यात थोडे कौतुकही असते. घरातल्या बाईने दुखणे अंगावर काढले तर ती सोशीक, गुणाची. पण अशा दुखण्याचे पुढे काय होते? रुग्णाला त्रास होतो हे तर खरेच. शिवाय आणखी एक गोष्ट होते, ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ते दुखणे डॉक्टरच्या वहीत येत नाही. वहीत नाही म्हणून सरकारी आकड्यांत येत नाही आणि आकड्यांत नाही म्हणून वैद्यकाच्या पुस्तकातही त्याला नीट जागा मिळत नाही. समाजाने जे बोलायचे नाही असे ठरवले, ते वैद्यकालाही कळत नाही. आज याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

वहीतला 'अशक्तपणा'

तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून मला दोन-तीन वर्षे झाली होती. बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातून एक बाई आल्या. वय चाळिशीचे, डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे. सोबत नवरा.

"काय होतंय?" मी बाईंना विचारले.

उत्तर नवऱ्याने दिले. "काही नाही डॉक्टरसाहेब, थकवा येतोय तिला. एक ताकदीचं इंजेक्शन देऊन टाका."

मी पापणी खाली ओढून पाहिली. पांढुरकी होती. रक्त कमी आहे हे उघडच होते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, इंजेक्शन दिले आणि वहीत नोंद केली, 'अशक्तपणा'. दोन महिन्यांनी त्या सासूबरोबर आल्या. "कामाला जोर राहिला नाही हिच्यात," सासूबाई म्हणाल्या. मी सासूसमोरच विचारले, "पाळी ठीक आहे ना?" बाईंनी मान हलवली. मला तेवढे पुरे झाले. पुन्हा गोळ्या, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा वहीत 'अशक्तपणा'. वर्षभरात अशा पाच नोंदी झाल्या.

त्या सुमारास सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक परिचारिका माझ्याकडे कामाला लागल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या बाईंना घेऊन मावशी मागच्या खोलीत बसल्या. पाऊण तासाने बाहेर येऊन मला म्हणाल्या, "डॉक्टर, यांना वर्षाच्या वर झालं, पाळी नसतानाही रक्त जातंय. मालकांजवळ गेल्यावर तर हमखास. अंगावरून पांढरं जातं, त्याला घाण वास येतो. कुणालाच सांगितलं नाही त्यांनी."

मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला आणि तो आजूबाजूला पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. किरणोपचार झाले. दीड वर्षाने त्या गेल्या. मधे एकदा भेटायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "आधी सांगायला हवं होतंत." त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही इचारलंच नाही डॉक्टरसाहेब. आन्‌ इचारलं ते सासूबाईंपुढं. मी तरी कशी सांगणार?"

ती वही मी अजून जपून ठेवली आहे. त्या काळात कुणी माझ्या वहीवरून 'या भागातील बायकांचे आजार' असा तक्ता केला असता तर त्यात काय आले असते? अशक्तपणा, भरपूर. कंबरदुखी, भरपूर. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, एकही नाही. आणि तो तक्ता पाहून कुणी साहेबांनी ठरवले असते की या तालुक्यात लोहाच्या गोळ्या जास्त पाठवा, स्त्रीरोगतज्ज्ञाची गरज नाही.

गडचिरोलीत काय आढळले

माझी चूक माझ्यापुरती असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण जवळजवळ सगळे वैद्यकच बराच काळ असे चालले होते. स्त्रियांच्या आजारांविषयीची जी माहिती पुस्तकांत होती, ती मुख्यतः इस्पितळात आलेल्या बायकांवरून गोळा केलेली होती. ज्या इस्पितळापर्यंत आल्याच नाहीत त्यांच्याविषयी फारसे कुणाला ठाऊक नव्हते. गरीब देशांतील बायकांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असाच सरकारी हिशेब असे.

या समजाला धक्का दिला तो आपल्या महाराष्ट्रातूनच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन करून गडचिरोली जिल्ह्यात काम सुरू केले. डॉ. राणी बंग स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. इस्पितळात बसून बायकांची वाट पाहण्याऐवजी त्यांनी दोन खेडी निवडली आणि तेथील १३ वर्षांवरील ६५० मुली व स्त्रियांची विचारपूस, आतून तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या केल्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ही पाहणी छापून आली.

निष्कर्ष असे होते: शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा एक तरी आजार होता. प्रत्येक स्त्रीमागे आजारांची सरासरी ३.६ इतकी भरली. त्यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात अवघ्या ८.

यातला आणखी एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. शंभरातील ५५ स्त्रियांनी विचारल्यावर तक्रार सांगितली, ४५ जणींची काही तक्रारच नव्हती. तरीही आजार ९२ जणींमध्ये होता. म्हणजे काही जणी लाजेने बोलत नव्हत्या. काहींना ते दुखणे आहे हेच वाटत नव्हते. पांढरे जाणे, कंबर भरून येणे हा बाईच्या जन्माचाच भाग, आईलाही होते, जावेलाही होते, मग त्याची तक्रार काय करायची? सगळ्यांनाच असलेले दुखणे दुखणे वाटेनासे होते.

या पाहणीची दखल जगभर घेतली गेली. १९९४ साली कैरो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत कुटुंबनियोजनाच्या पलीकडे जाऊन 'प्रजनन आरोग्य' हा व्यापक विचार मांडला गेला. १९९७ साली आपल्या देशात प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात प्रजननमार्गाच्या जंतुसंसर्गावरील उपचारांचा समावेश झाला. या बदलामागे कारणे अनेक होती. त्यात गडचिरोलीच्या खेड्यांतील बायकांनी तोंड उघडले, हेही एक होते.

दुखणे एक, शब्द दुसरा

येथे कुणी म्हणेल, "तर मग प्रश्न सोपा आहे. बायकांनी बोलावे, डॉक्टरांनी औषध द्यावे." इतके सोपे नाही. समाज काही गोष्टी बोलू देत नाही, तसाच काही दुखण्यांसाठी तो दुसराच शब्द हातात देतो.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार कोणत्या स्त्रिया करतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर अनेक डॉक्टरांना चकित करणारे निघाले. या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, उदासी आणि संसारातल्या अडचणी यांच्याशी अधिक घट्ट होता.

गडचिरोली आणि गोवा या दोन पाहण्या एकमेकींना खोडून काढतात असे समजू नये. गडचिरोलीत प्रश्न होता, कुणाला आजार आहे? गोव्यात प्रश्न होता, कोण तक्रार करते? आजार असणे आणि तक्रार करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेच दोन्हींवरून कळते. आपल्याकडे बाईने "माझं मन लागत नाही, रात्री रडू येतं" असे म्हटले तर कोण ऐकून घेणार? "खातंपितं घर आहे, काय कमी आहे तुला?" असे उलट विचारतील. पण "अंगावरून जातंय, हाडं वितळल्यासारखी वाटतात" असे म्हटले तर दवाखान्यात जायला परवानगी मिळते. आता हे न ओळखता डॉक्टरने प्रत्येकीला प्रतिजैविकांचा कोर्स दिला तर? बाईचे दुःख जागच्या जागी राहते आणि औषधाचा भार मात्र शरीरावर पडतो.

अर्थात हे वाचून कुणी नवरोबाने "तुझं सगळं मनाचंच आहे" असा निष्कर्ष काढू नये. तपासणी केल्याशिवाय कुठलेही दुखणे मनाचे ठरवता येत नाही, आणि मनाचे दुखणे हेही दुखणेच असते.

पिशवी काढण्याची घाई

बोलणे अर्धवट राहिले, ऐकणे अर्धवट राहिले की काय होते याचे मोठे उदाहरण आपल्या मराठवाड्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यातील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते.

ही बाई नवऱ्यासोबत जोडीने 'कोयता' म्हणून उचल घेऊन जाते. फडात न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्याच लागतात. खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा स्थितीत पोटात दुखणे, पांढरे जाणे, पाळी जास्त जाणे हे व्हायचेच. ती दवाखान्यात येते तेव्हा तिच्याजवळ वेळ नसतो आणि फडातल्या कामाविषयी तिला कुणी विचारत नाही. "पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल," एवढे ऐकले की ती घाबरते. वाटते, एकदाची कटकट गेली. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि साध्या जंतुसंसर्गासाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते, हे तिला कुणी सांगत नाही.

गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंचे बीजांडकोशही काढले तर पाळी जाण्याच्या वयाचा सगळा त्रास तिशी-पस्तिशीतच सुरू होतो आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणजे ज्या अंगमेहनतीसाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तीच मेहनत पुढे झेपत नाही. केसपेपरवर मात्र 'गर्भाशयाचा आजार' एवढेच लिहिलेले असते. फडातल्या पाण्याची टंचाई आणि खाड्याचा दंड केसपेपरवर लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

हा दोष फक्त आपल्याकडचाच असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९७७ साली औषध नियंत्रण खात्याने सूचना काढली की मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. पण परिणाम असा झाला की अनेक औषधांचा प्रमाण डोस मुख्यतः पुरुषांवरून ठरला. १९९३ साली ही सूचना मागे घेण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी तेथे झोल्पिडेम ही झोपेची गोळी मान्य झाली होती. तिचा स्त्रियांसाठीचा डोस २०१३ साली १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणला गेला. स्त्रियांच्या रक्तात ते औषध दुसऱ्या दिवशी सकाळीही जास्त उरते, हे व्यवहारात यायला २१ वर्षे लागली.

लाज आणि कागदाची नळी

मग यावर उपाय काय? लाज सोडा, असे भाषण देऊन लाज जात नाही. आणि सगळी लाज वाईट असते असेही नाही. डॉक्टरच्या गळ्यातली नळी आपण रोज पाहतो, तिचा जन्मच संकोचातून झाला आहे.

१९१६ नव्हे, त्याच्याही शंभर वर्षे आधीची, १८१६ सालची गोष्ट. पॅरिसच्या इस्पितळात डॉ. लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. ती स्थूल असल्यामुळे बोटांनी ठोकून पाहण्याचा फारसा उपयोग नव्हता. त्या काळी डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावत. पण तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे लेनेकना प्रशस्त वाटेना. त्यांनी जवळच्या कागदांची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. हृदयाचे ठोके कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले! पुढे त्यांनी लाकडाची नळी बनवली आणि १८१९ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या व हृदयाच्या कितीतरी रोगांचे ज्ञान त्या नळीतून जगाला मिळाले.

लेनेक यांनी संकोचाचा मान राखला, पण संकोच वाटला म्हणून तपासणी सोडली नाही. दुसरी वाट काढली. मी त्या बाईंच्या बाबतीत संकोचाचा मान राखला आणि तपासणीच सोडली. आमच्या मावशींनी मागच्या खोलीत बसून जी वाट काढली, ती मला पहिल्याच दिवशी काढता आली असती.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. परदेशी जाण्यापूर्वी त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण येथील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास राजी नसतात. त्याच इच्छेने त्या समुद्रापार गेल्या. दुर्दैवाने १८८७ साली त्या गेल्या. पण त्यांनी दाखवलेली वाट बरोबर होती.

त्याच वाटेने पुढे काय साधते हेही महाराष्ट्राने दाखवले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वर्षांच्या एक लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीची चाचणी एका गटात एकदा करण्यात आली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, निम्म्याच्या आसपास आले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, अशी टीकाही पुढे झाली आणि ती विचार करण्याजोगी आहे. तरी एवढे खरे की जगातल्या पुस्तकांत आज या चाचणीविषयी जे लिहिले जाते, त्यात मराठवाड्याच्या खेड्यांतील बायकांचा वाटा मोठा आहे. त्या तपासणीला आल्या म्हणून ते ज्ञान झाले.

आता तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालच्या मार्गदर्शनात या चाचणीसाठी स्त्रीने स्वतःच नमुना घ्यावा, हा पर्यायही मान्य केला आहे. आडोशाला जाऊन स्वतः नमुना घ्यायचा आणि ताईंच्या हाती द्यायचा. लेनेकच्या कागदाच्या नळीचीच ही धाकटी बहीण म्हणा ना!

आपण काय करावे

वाचक भगिनींसाठी काही सूचना देतो. कात्रण काढून ठेवावे.

१. पाळीच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणी थोडे पांढरे, पाण्यासारखे, बिनवासाचे जाणे हे नैसर्गिक असते. त्याची भीती बाळगू नये.

२. घाण वास, खाज, दह्यासारखे किंवा पिवळे-हिरवे जाणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ यांपैकी काही असल्यास तपासून घ्यावे. जंतुसंसर्ग नवऱ्याकडून आला असल्यास दोघांनी औषध घ्यावे लागते. एकटीने घेऊन उपयोग नाही.

३. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ही लक्षणे एक दिवसही अंगावर काढू नयेत. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही, पण तो नाही याची खात्री करून घ्यावीच लागते.

४. अंग बाहेर येणे, खोकताना लघवी होणे यावर उपचार आहेत. बाळंतपणाचे देणे म्हणून ते जन्मभर सोसायची गरज नाही.

५. वयाच्या ३० पासून ६५ पर्यंत, काही त्रास नसला तरी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केली जाणारी साधी तपासणी दर पाच वर्षांनी सुचवलेली आहे. भूल नाही, टाके नाहीत, काही मिनिटांचे काम. ती कोठे आणि कोणत्या दिवशी होते हे आपल्या आशाताईंना विचारावे.

६. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर एचपीव्हीच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे.

७. गर्भाशय काढायला सांगितले आणि रक्तस्राव जिवावरचा नसेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. बीजांडकोश काढणार की ठेवणार, हे स्पष्ट विचारावे.

८. दवाखान्यात गेल्यावर सोबतच्या माणसासमोर बोलता येत नसेल तर "मला एकटीला बोलायचं आहे" एवढे म्हणावे. तेही म्हणवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्यावे. डॉक्टर रागावणार नाहीत.

नवरोबांना आणि सासूबाईंना हात जोडून सांगणे आहे की बाईला दवाखान्यात जरूर घेऊन या, पण डॉक्टरसमोर तिच्या वतीने बोलू नका. पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसा. आत काय बोलणे झाले हे तिने आपणहून सांगितले तर ऐका, उलटतपासणी घेऊ नका.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. दवाखान्यात एक पडदा लावा, पडद्याआड एखादी समजूतदार बाई कामाला ठेवा, आणि वहीत 'अशक्तपणा' लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहा की तो शब्द नेमका कुणी उच्चारला. माझ्या दवाखान्यात मागची खोली अजून तशीच आहे. मावशी आता नाहीत, त्यांच्या जागी दुसऱ्या ताई आहेत. नव्या बाई आल्या की आधी त्या ताईंजवळ बसतात, मग माझ्याकडे येतात. वेळ थोडा जास्त लागतो. वहीत 'अशक्तपणा' मात्र पूर्वीपेक्षा कमी येतो.